पंचनाम्यानंतरचे फोटो: घरातल्या वस्तूंचं छायाचित्रण सुरू करणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या स्टुडिओचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पाणी ओसरल्यावर पहिलं काम मिळालं ते पंचनाम्याच्या फोटोंचं. सरकारी माणसं येऊन पाहून जायची, पण लोकांना आपल्याकडेही पुरावा हवा असायचा. फुगलेलं कपाट, कोंब फुटलेलं धान्य, चिखलानं जाम झालेलं शिलाई मशीन, भिंतीवरची पाण्याची रेघ. फ्लॅश लावायचा, समोरून फोटो काढायचा, पुढच्या घरी जायचं. लग्नाच्या ऑर्डरी नव्हत्याच, आणि ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे करिज्मा अल्बमचे (लग्नाच्या छापील, जाड पानांच्या अल्बमचे) पैसे मागायला जायचं तोंड कुणाला होतं?

त्या दिवसांत वस्तूंचे फोटो काढायची जी सवय लागली ती आजवर सुटलेली नाही. मध्ये लॉकडाऊन झालं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, घरात आजारपणं झाली. फोटो चालूच राहिले. आता अधूनमधून मुलंमुली विचारायला येतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी आईच्या उशाशी बसून असतं. काहीतरी करावंसं वाटतं, पण घराबाहेर पाऊल टाकता येत नाही किंवा टाकवत नाही. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटला वस्तुचित्र काढलेलं असतं. टेबलावर तांब्या, शेजारी दोन कांदे, मागे चुण्या पडलेलं कापड. ग्रेडपुरतं शिकलेलं ते सगळं इथे उपयोगी पडतं: उजेड कुठून येतोय, सावली कुणीकडे पडतेय, वस्तू टेबलावर बसलेली दिसते की तरंगल्यासारखी. फोटोतही वस्तू तरंगते बरं का. तळाशी गडद सावलीची बारीक रेघ दिसली नाही की ती तरंगलीच म्हणून समजा.

पण उजेडाच्या आधी प्रश्न येतो तो काय ठेवायचं याचा. वाईट दिवसांत कॅमेरा हातात घेतला की विझलेली पणती, सुकलेला गुलाब, तडा गेलेला आरसा असल्या गोष्टी आपोआप सुचतात. त्या सोडून द्या. त्यांचा अर्थ आधीच ठरलेला असतो, बघणाऱ्याला बघायला काही उरत नाही. त्यापेक्षा या काळात घरात रोज हाताळली जाणारी एखादी वस्तू घ्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं, जेवण पोचवायचा डबा, नोकरीच्या ठिकाणचं गळ्यातलं ओळखपत्र, चष्मा. वस्तू दुःखी दिसायला हवी असं काही नाही. ती नीट दिसली की पुरे.

पुरानंतर शेजारच्या काकूंनी त्यांचा मिसळणाचा डबा धुऊन कट्ट्यावर उन्हात उपडा घातला होता. पंचनाम्यात तो ‘स्वयंपाकघरातील भांडी’ या ओळीत गेला होता. मी म्हटलं, काकू, याचा एक फोटो काढू का? त्या म्हणाल्या, “अगं, त्यात काय आहे काढण्यासारखं? नवीन घेणार आहे मी.” तरी दिला. आत वाट्या होत्या, मोहरीच्या वाटीच्या कडेला वाळलेला गाळ अडकला होता. डबा पुसलेल्या फडक्यावर हळदीचे डाग होते आणि जिथे साबण लागला होता तिथे ते कुंकवासारखे लाल झाले होते. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी डबा, एक वाटी आणि ते फडकं एवढंच खिडकीशी मांडलं. फोटो पाहून काकूंनी गाळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. हा डबा त्यांना लग्नात मामांनी दिला होता, आणि झाकणाला पोचा कसा आला, ते सगळं त्यांनी सांगितलं. पंचनाम्याच्या फोटोत तो पोचा दिसतसुद्धा नव्हता, कारण फ्लॅश समोरून मारला की पोचे, चरे, घड्या सगळं सपाट होतं. बाजूनं येणाऱ्या उजेडात तेच वर येतं. माझ्या मते या कामातली निम्मी विद्या एवढ्यात आहे.

म्हणून एक खिडकी निवडा आणि तिलाच धरून राहा. पूर्वेची असेल तर थेट ऊन हटल्यावर, साधारण दहा-साडेदहानंतर. उत्तरेची असेल तर दिवसभर चालेल. टेबल किंवा पाट असा ठेवा की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात आणि दोन्ही एकत्र आले की पांढरं कापड एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला हिरवट दिसतं. ते नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात. ऊन फार कडक असेल तर खिडकीला जुन्या पंचाचा तुकडा किंवा बटर पेपर लावा. मुंबईच्या शूटिंगवाल्यांकडे हेच चौकटीत ताणलेलं असतं, त्याला ते स्किमर म्हणतात. सावलीची बाजू फार काळी पडत असेल तर तिकडून थर्माकोलचा तुकडा उभा करा. उलट वस्तूची कड उठून दिसायला हवी असेल तर थर्माकोलच्या जागी काळं कापड धरा. तो झाला कटर. दुकानातून आणायचं असं यात काहीच नाही. टेबल खिडकीच्या जवळ नेलंत तर उजेड आणि सावली यातला फरक वाढतो, लांब नेलंत तर कमी होतो. हे वाचून कळत नाही. टेबल सरकवून बघा.

फोन असेल तर स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो, मग बोट खाली सरकवून फोटो थोडा गडद करा. आजचे फोन सावल्या उजळवायला टपलेलेच असतात, त्यांना आवरावं लागतं. वाइड लेन्सनं जवळ जाऊन तांब्या काढला तर त्याचं पोट नको तितकं सुटतं. दोन पावलं मागे होऊन दोन एक्स (दुप्पट) झूम वापरा. कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं उघडणारं छिद्र) एफ आठच्या आसपास, शटर (किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) जे येईल ते. ते एक सेकंदापर्यंतही जाईल, विशेषतः आषाढ-श्रावणात. तो उजेड मऊ असतो, मला सगळ्यात आवडतो, पण कमी असतो. तेव्हा ट्रायपॉड हवाच. नसेल तर पिठाच्या डब्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तीत फोन रोवा, टायमर लावा आणि पंखा बंद करा. पंखा विसरतातच लोक, आणि मग कापडाची कड का हलली म्हणून लेन्सला दोष देतात.

स्टीलच्या भांड्यांनी सुरुवात करू नका. त्यात अख्खी खोली दिसते आणि मध्यभागी फोन धरून वाकलेले तुम्ही. पितळ बरं, माती त्याहून बरी. स्टीलच काढायचं असेल तर गडद कपडे घाला आणि भांड्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी चादर धरा, म्हणजे भांड्यात दिसायला चादरच उरेल.

मांडणीबद्दल एकच सांगते. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकू देऊ नका. एकतर एकीनं दुसरीला नीट झाकावं, नाहीतर मध्ये बोटभर फट असावी. आणि एका वेळी एकच वस्तू हलवा, फोटो काढा, बघा, मग दुसरी. हे चिकाटीचं काम आहे आणि वाईट दिवसांत नेमकं तेच हवं असतं. दवाखान्याचे रिपोर्ट येईपर्यंत आपल्या हातात काही नसतं. वाटी दोन इंच डावीकडे सरकवणं तेवढं असतं. पण याला औषध समजू नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर कॅमेरा बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मिळते.

हे मी काही नवीन शोधलेलं नाही. प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला आणि एका हातानं मोठ्या प्लेटचे कॅमेरे चालवायला शिकला. जर्मनांनी प्राग ताब्यात घेतल्यावर रस्त्यात कॅमेरा लावून उभं राहणं अवघड झालं, तसा १९४० पासून तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीशी वळला. दव धरलेली काच, पाण्याचा पेला, अंडं, पाव. युद्ध संपलं तरी खिडकी सुटली नाही, ती मालिका १९५४ पर्यंत चालली. आंद्रे केर्तेसनं न्यूयॉर्कमध्ये १९७७ मध्ये बायको गेल्यावर पोलरॉइड कॅमेरा हातात घेतला. दुकानात दिसलेल्या काचेच्या एका अर्धपुतळ्यात त्याला ती दिसली. तो त्यानं विकत आणला आणि घराच्या खिडकीत ठेवून त्याचे फोटो काढत राहिला. तेव्हा त्यानं ऐंशी ओलांडलेली होती. जपानच्या इशिउची मियाको यांनी २००० मध्ये आई गेल्यावर तिच्या लिपस्टिक, कवळी, अंतर्वस्त्रं यांचे फोटो काढले. ते २००५ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात लागले होते. मला त्यातली लिपस्टिक फार महत्त्वाची वाटते. झिजून एका बाजूनं तिरकी झालेली. तो उतार एकाच बाईच्या ओठांनी आणलेला. आणि हे सगळं जड वाटलं तर एडवर्ड वेस्टनची १९३० मधली ढोबळी मिरची बघा. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली आहे, म्हणजे आपल्याकडे रॉकेल ओतायला असायचं तसल्या.

दुसऱ्याची वस्तू काढायची असेल तर विचारून. पुराच्या वेळी बाहेरून आलेले काही जण लोकांच्या दारातल्या ढिगाऱ्यातली बाहुली उचलून चिखलात ‘बरोबर’ ठेवून फोटो काढत होते. असलं करू नये. वस्तू आपल्या टेबलावर मांडली तर मांडली म्हणून सांगावं, आणि फोटोची एक प्रिंट मालकाला द्यावी. ज्यांच्या घरातलं सगळं वाहून गेलं त्यांच्याकडे कधी कधी तेवढीच प्रिंट राहते.

प्रिंटवरून आठवलं. भिजलेले जुने फोटो तुमच्याकडे कधी आले तर चिकटलेले गठ्ठे ओढून सोडवू नका. जुन्या रासायनिक प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो आणि तसाच सुकला की एकमेकांना धरतो. स्वच्छ, गार पाण्यात ठेवून आपणहून सुटतील तेवढे सोडवा, चित्राच्या बाजूला बोट न लावता, आणि चित्र वर करून सावलीत वाळवा. इंकजेट प्रिंटला मात्र हे करू नका, शाई उतरते. फार जुने असतील तर पाण्यात घालण्याआधी आहे त्या अवस्थेत त्यांचाच फोटो काढून ठेवा. रंग वाहून गेलेले, चेहऱ्याच्या जागी गुलाबी डाग राहिलेले असे कितीतरी लग्नाचे फोटो मी तेव्हा बाजूच्या उजेडात काढले. त्यातले काही मला मूळ फोटोंपेक्षा चांगले वाटतात, पण हे ज्यांचे होते त्यांना मी बोलून दाखवलेलं नाही.

आता पोटापाण्याचं. या सवयीतून कामं मिळतात का? मिळतात, पण हे फोटो दाखवून थेट मिळत नाहीत. मिळतं ते टेबलटॉपचं काम, म्हणजे वस्तूंच्या जाहिरातीचं, आणि तिथे तुमचा हात उजेडावर किती बसलाय ते बघतात. आमच्या भागात हळद आणि बेदाण्याचा व्यापार मोठा. सांगलीच्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे, आणि पाकिटावर छापायला, ऑनलाइन विकायला व्यापाऱ्यांना फोटो लागतात. बेदाणा समोरून उजेड दिला तर मेलेला दिसतो. उजेड मागून आणला की आरपार मधासारखा पेटतो. हळद पावडर दिसायला सोपी आणि काढायला महाकठीण. तिचा पिवळा इतका तेज असतो की कॅमेऱ्यात तपशील जळून सपाट ठिगळ उरतं. तिचा फोटो नेहमीपेक्षा गडद काढायचा, उजेड अगदी आडवा, जमिनीसरसा आणायचा, म्हणजे ढिगाऱ्याचे कण सुटे दिसतात, आणि शेजारी अख्खं हळकुंड ठेवायचं. काम मागायला जाताना असे फोटो एका पाकिटात आणि घरचे दुसऱ्या पाकिटात ठेवा. आधी पहिलं उघडा. समोरच्यानं विचारलं, “आणखी काय काढता?” तर दुसरं.