पासवर्डांची तिजोरी स्वतःच्याच संगणकावर: कीपासएक्ससी कसे वापरावे

एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते, कारण ऐंशी खात्यांचे ऐंशी पासवर्ड कुणाच्याही डोक्यात मावत नाहीत. पण एखाद्या किरकोळ साइटवरून यादी फुटली की तीच ईमेल आणि तोच पासवर्ड मोठमोठ्या साइटवर लावून पाहणारे प्रोग्राम कामाला लागतात. 2009 साली रॉकयू या कंपनीकडून 3 कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, तेही साध्या मजकुराच्या रूपात, कुलूपबंद न केलेले. पासवर्डचा अंदाज बांधणारे प्रोग्राम त्या यादीचा वापर आजही करतात. म्हणजे ‘हा पासवर्ड कुणाला सुचणार?’ असे आपल्याला वाटते, तो बहुधा आधीच कुणाला तरी सुचलेला असतो.

कीपासएक्ससी हा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तो फुकट चालतो, खाते उघडायला लावत नाही आणि तुमचे पासवर्ड कुठल्याही सर्व्हरवर पाठवत नाही. सगळे पासवर्ड केडीबीएक्स या प्रकारच्या एका कुलूपबंद फाइलीत राहतात. ती फाइल आणि ती उघडणारा एक मुख्य पासवर्ड, एवढेच सांभाळायचे. सोय आहे तशी जोखीमही इथेच आहे: फाइल हरवली किंवा मुख्य पासवर्ड विसरला तर ‘पासवर्ड विसरलात?’ असे विचारणारी लिंक कुठेच नाही. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमधले बॅकअपचे प्रकरण वगळू नका.

पायरी 1: प्रोग्राम कुठून घ्यायचा

सर्च इंजिनमध्ये नाव टाकून पहिल्या निकालावर क्लिक करू नका. पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामांच्या हुबेहूब नकली साइट जाहिरातींमधून वर आणल्या जातात, आणि अशा नकली प्रोग्रामाला तुम्ही स्वतःच्या हाताने सगळे पासवर्ड देऊन बसता. पत्ता स्वतः टाइप करा: कीपासएक्ससी डॉट ओआरजी. लिनक्सवर आपल्या वितरणाच्या (उबुंटू, फेडोरा वगैरे) सॉफ्टवेअर केंद्रातूनच घेतलेला बरा.

नावांचा गोंधळ होतो तो इथेच मिटवू. कीपास हा मूळ प्रोग्राम, मुख्यतः विंडोजसाठीचा. कीपासएक्स हे त्याचे जुने भावंड, आता बंद पडलेले. त्यातून 2016 मध्ये फुटून निघालेला तो कीपासएक्ससी. फाइलीचा प्रकार सामायिक असल्यामुळे उद्या प्रोग्राम बदलावासा वाटला तरी पासवर्ड अडकून पडत नाहीत.

पायरी 2: मुख्य पासवर्ड ठरवा, आणि घाई करू नका

हा एकच पासवर्ड तुम्हाला खरोखर पाठ करायचा आहे. आडनाव, जन्मसाल आणि शेवटी एक उद्गारचिन्ह हा नमुना विसरा. यदृच्छेने निवडलेले सहा शब्द हे उत्तम. कीपासएक्ससीच्या पासवर्ड जनरेटरमध्ये ‘पासफ्रेज’ हा टॅब आहे; त्याची मूळ यादी 7776 इंग्रजी शब्दांची आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पाच फाशांचा आहे: सहाचा पाचवा घात. म्हणजे संगणकावर विश्वास नसेल तर पाच फासे टाकूनही शब्द निवडता येतो. पासवर्डची ताकद बिटमध्ये मोजतात; एक बिट वाढला की चोराला दुप्पट अंदाज करावे लागतात. प्रत्येक शब्दामागे सुमारे 12.9 बिट, म्हणजे सहा शब्दांचे 77 बिट. चार शब्दांचे फक्त 52 होतात. मुख्य पासवर्डसाठी ते कमी आहेत.

अट एकच: शब्द फाशांनी किंवा जनरेटरने निवडायला हवेत. ‘हा शब्द आवडला नाही, दुसरा घेतो’ असे चार वेळा केले की ती निवड तुमची होते, आणि माणसाच्या निवडीचा अंदाज बांधता येतो.

मराठी शब्द हवे असतील तर? कल्पना चांगली आहे, पण देवनागरीत टाइप करू नका. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह मिळून बनतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द आहेत. कीबोर्ड बदलला की तिजोरी उघडत नाही आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे मराठी शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा. त्यातही ‘पाऊस’सारखे शब्द टाळा: ‘ऊ’साठी यू लिहिला होता की दोन ओ, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. ‘कमळ’, ‘दगड’ असे एकाच तऱ्हेने लिहिता येणारे शब्द बरे. स्वतःची यादी लहान असेल, समजा 1024 शब्दांची, तर प्रत्येक शब्दाचे 10 बिटच मिळतात. मग सहाऐवजी आठ शब्द घ्या.

ठरलेला पासवर्ड कागदावर लिहा. हो, कागदावरच. पहिला आठवडा रोज पाच-सहा वेळा टाइप करा, बोटांना सवय झाली की तो कागद पाकिटात बंद करून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. संगणकातल्या नोटपॅडमध्ये किंवा फोनमधल्या फोटोत तो असता कामा नये.

पायरी 3: तिजोरी तयार करा

‘नवा डेटाबेस’ निवडा, नाव द्या. पुढच्या पानावर उघडायला लागणारा वेळ विचारतात. मूळ सेटिंग 1 सेकंदाचे असते, ते तसेच राहू द्या. मुख्य पासवर्डवरून किल्ली बनवणारी आर्गॉन2 ही पद्धत मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ आहे. तुम्हाला एक सेकंद लागतो तसाच चोरालाही प्रत्येक अंदाजाला वेळ आणि मेमरी मोजावी लागते. मेमरीचा आकडा हौसेने खूप वाढवला तर मात्र संगणकावर उघडणारी फाइल जुन्या फोनवर उघडत नाही.

त्याच वाटेवर ‘की फाइल’, म्हणजे मुख्य पासवर्डसोबत दुसरी किल्ली म्हणून लागणारी फाइल, जोडायचा पर्याय दिसेल. बहुतेकांनी तो सोडून द्यावा. जोडायचीच असेल तर प्रोग्रामलाच ती बनवू द्या आणि दोन प्रती ठेवा. एखादा आवडता फोटो की फाइल म्हणून वापरू नका; तो फोटो कुठल्याशा ॲपने लहान करून साठवला की त्यातले बाइट बदलतात, आणि एक बाइट बदलला तरी कुलूप उघडणार नाही.

पायरी 4: जुने पासवर्ड आत आणा

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सीएसव्ही फाइल (स्तंभांची साधी यादी) म्हणून बाहेर काढता येतात आणि कीपासएक्ससीच्या ‘इंपोर्ट’मधून आत घेता येतात. स्तंभ कुठला कशाचा हे तिथे नीट जुळवा. वापरकर्त्याचे नाव आणि पत्ता यांची अदलाबदल ही नेहमीची चूक.

सीएसव्ही फाइल उघड्या मजकुराची असते. काम झाले की लगेच पुसा, रिसायकल बिन रिकामा करा. डाउनलोड किंवा डेस्कटॉप फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल तर तिची प्रत तिकडेही गेलेली असते. म्हणून सुरुवातीलाच क्लाउडबाहेरच्या फोल्डरमध्ये ती काढावी. शेवटी ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड पुसून त्याची ‘पासवर्ड जपून ठेवू का?’ ही विचारणाही बंद करा, नाहीतर पंधरा दिवसांत दोन ठिकाणी दोन वेगळे पासवर्ड होतात.

पायरी 5: पासवर्ड बदलायला घ्या, पण क्रमाने

आधी ईमेल. बाकीच्या जवळपास सगळ्या खात्यांचा पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते, तेव्हा ती चावी पहिल्यांदा बदलायची. मग बँक, मग फोनचे मुख्य खाते. उरलेली ज्या दिवशी वापराल त्या दिवशी. ऐंशी खाती एका रविवारी उरकायला गेलात तर दहाव्या खात्यानंतर चुका सुरू होतात.

जनरेटरमध्ये 20 अक्षरांचा पासवर्ड बनवा, आणि साइटवर देण्याआधी नोंदीत जतन करा. उलटा क्रम लावला आणि मध्येच खिडकी बंद झाली तर पासवर्ड गेला. बदलल्यावर लगेच लॉगआउट होऊन पुन्हा आत जाऊन पाहा. काही साइट लांब पासवर्ड मुकाट्याने कापून साठवतात आणि लॉगिनच्या वेळी मात्र पूर्ण घेतात, मग तो जुळत नाही. असे झाले तर 16 अक्षरांवर या. टीव्हीच्या रिमोटने भरायच्या पासवर्डसाठी चिन्हांची खिचडी नको, चार-पाच शब्दांचा पासफ्रेज द्या.

‘तुमच्या पहिल्या शाळेचे नाव?’ यासारख्या प्रश्नांना खरे उत्तर देऊ नका, ते कुणालाही शोधून काढता येते. दोन-तीन यदृच्छ शब्द द्या आणि त्या नोंदीच्या टिपांमध्ये लिहून ठेवा.

पायरी 6: रोजचा वापर

नोंद निवडून कंट्रोल-बी दाबले की वापरकर्त्याचे नाव कॉपी होते, कंट्रोल-सीने पासवर्ड. कॉपी केलेला मजकूर जिथे तात्पुरता राहतो तो क्लिपबोर्ड 10 सेकंदांत आपोआप रिकामा होतो. क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारा दुसरा प्रोग्राम चालू असेल तर त्यात पासवर्ड मागे राहू शकतो, तेवढे तपासा. उठून जाताना कंट्रोल-एलने तिजोरी बंद करा.

याहून चांगला मार्ग म्हणजे ब्राउझरचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा पूरक प्रोग्राम. सेटिंग्जमध्ये ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ चालू करून आपला ब्राउझर निवडा, कीपासएक्ससी-ब्राउझर हे एक्स्टेन्शन घाला आणि ‘कनेक्ट’ दाबा. लिनक्सवर ब्राउझर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या प्रकारच्या पॅकेजचा असेल तर ही जोडणी पुष्कळदा होत नाही, कारण तो ब्राउझर बंद खोलीत चालतो आणि शेजारच्या प्रोग्रामाशी त्याला बोलू दिले जात नाही. तिथे वितरणाचा साधा पॅकेजवाला ब्राउझर घ्यावा.

एक्स्टेन्शनचा खरा फायदा टायपिंग वाचण्याच्या पलीकडचा आहे. ते साइटचा पत्ता अक्षरशः जुळवते. एका अक्षराने वेगळी असलेली नकली साइट माणसाला फसवते, एक्स्टेन्शनला नाही. ते पासवर्ड पुढे करतच नाही. म्हणून नेहमीच्या साइटवर पासवर्ड भरला गेला नाही तर वैतागून हाताने कॉपी करू नका. आधी पत्त्याची पट्टी वाचा.

पायरी 7: बॅकअप, आणि तो उघडतो का हे पाहणे

केडीबीएक्स फाइल लहान असते, त्यामुळे प्रती ठेवायला आळस करण्याचे कारण नाही. एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडमध्ये असली तरी चालते. फाइल कुलूपबंद आहे, मुख्य पासवर्ड सहा शब्दांचा असला म्हणजे झाले. शिवाय सेटिंग्जमध्ये ‘जतन करण्याआधी जुन्या फाइलीचा बॅकअप घ्या’ हा पर्याय चालू करा.

अँड्रॉइड फोनवर हीच फाइल कीपासडीएक्स या ॲपमध्ये उघडते. फोन आणि संगणक दोन्हीकडे एकाच दिवशी बदल केले तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात. अशा वेळी नवी दिसणारी ठेवून दुसरी पुसू नका. डेटाबेस मेनूतल्या ‘मर्ज’ने दुसरी फाइल पहिलीत मिसळा; नोंदींच्या वेळा पाहून प्रोग्राम जुळवणी करतो.

द्विस्तरीय पडताळणीचे सहा आकडी कोडही कीपासएक्ससी बनवू शकतो. सोय आहे, पण ईमेलसाठी तो कोड वेगळ्या ॲपमध्येच ठेवावा. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगण्यात अर्थ नाही. साइटने दिलेले रिकव्हरी कोड छापून मुख्य पासवर्डच्या पाकिटात घाला.

तीन महिन्यांनी एकदा पेन ड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मुख्य पासवर्ड कागद न बघता टाइप करा, आणि त्या प्रतीतल्या सगळ्यात नव्या नोंदीची तारीख बघा. ती तारीख दोन महिन्यांपूर्वीची निघाली, तर तुम्ही भलत्याच फाइलीचा बॅकअप घेत होता.