अंधेरीहून मेट्रोने सीएसएमटीला कसं जायचं
अंधेरीला मेट्रो १ मध्ये चढा पण घाटकोपरकडची गाडी बघून, चौथं स्टेशन मरोळ नाका, तिथे उतरायचं आणि ॲक्वा लाइनच्या (म्हणजे भुयारी मेट्रो ३) पाट्या बघत खाली खाली जायचं, खूप खोल आहे हो, सोबत आजी-आजोबा असतील तर सरळ लिफ्ट शोधा आणि १० मिनिटं जास्तीची धरा. मग कफ परेडची गाडी. आरेची नाही!! ही पूर्ण ३३.५ किमीची लाइन ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीये, वाटेत बीकेसी, सिद्धिविनायक पण लागतं. ॲक्वा लाइनला एनसीएमसी कार्ड (मेट्रो, बसला चालणारं टॅप करायचं कार्ड) असेल तर तिकिटाची रांग वाचते, मी तरी तेच घ्या म्हणेन. दहिसर, बोरिवली पूर्ववाल्यांनी मेट्रो ७ ने येऊन गुंदवलीला उतरून पुलावरून मेट्रो १ पकडायची.