विसाव्या लेव्हलनंतरचे हिरो: डीएमनी या चुका टाळा

फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत एकविसावी लेव्हल नाहीच. तरी हौशी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) मनानेच २१, २२ चढवत जातात आणि प्रोफिशिएन्सी बोनस (कसब असलेल्या गोष्टींच्या रोलमधली भर) +७ करून टाकतात. तो +६ वरच थांबतो. २०१४ च्या नियमांत ३,५५,००० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) विसावी लेव्हल मिळते. त्यापुढे दर ३०,००० एक्सपीला डीएम एक एपिक बून (खास वरदान) देऊ शकतो, किंवा त्याऐवजी एखादी अ‍ॅबिलिटी २ ने वाढवू देतो (ताकद, चपळाई असा मूळ गुण; मर्यादा ३०).

बून निवडताना पुस्तक कोणतं, ते आधी ठरवा. २०२४ च्या नियमांत बून १९ व्या लेव्हललाच फीट (जादा कौशल्य) म्हणून मिळतो. ‘कॉम्बॅट प्रॉवेस’ बघा: चुकलेला वार लागला असं धरायची मुभा जुन्यात शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) एकदा, नव्यात दर राउंडला एकदा. एकाच टेबलावर दोन्ही चालले की भांडण ठरलेलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिवसाला एकच लढाई. जुन्या हिशेबाने विसाव्या लेव्हलच्या चौघांचं दिवसाचं बजेट (दिवसभरात पेलतील तेवढ्या शत्रूंचे एक्सपी) १,६०,००० एक्सपी. एन्शंट रेड ड्रॅगन ६२,००० चा, म्हणजे चाळीस टक्केही नाही. ‘डेडली’ची (जीवघेण्या लढाईची) रेघ ५०,८०० वर असल्याने कागदावर तो भयंकर दिसतो. पण ताज्या पार्टीसमोर त्याचे ५४६ हिट पॉइंट भराभर उतरतात आणि तीन लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला बचाव यशस्वी धरायची मुभा) बऱ्याचदा पहिल्या दोन राउंडमध्येच संपतात. त्याच्या गुहेपर्यंत पोचण्याआधी दोन-तीन चकमकी घाला. मध्ये लाँग रेस्ट (शक्ती परत देणारी मोठी विश्रांती) देऊ नका, नाहीतर घातलेल्या चकमकी फुकट.

लेजंडरी अ‍ॅक्शन (ड्रॅगनच्या जादा कृती) तीन असतात म्हणून एकदम तीन वापरायच्या नसतात. एका वेळी एकच, तीही दुसऱ्याची टर्न संपल्यावर. पंखांचा हल्ला दोन खातो. खर्च झालेल्या अ‍ॅक्शन ड्रॅगनच्या स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीला परत येतात.

आता सेव्ह, म्हणजे संकटातून वाचायचा रोल. या ड्रॅगनच्या आगीचा डीसी (गाठायचा आकडा) २४, सरासरी डॅमेज ९१. डेक्स (चपळाई) १४ असलेला विझर्ड डेक्स सेव्हला +२ घेऊन येतो. नॅचरल २० (वीस बाजूंच्या फाशावर थेट २०) पडला तरी बेरीज २२. अटॅक रोलसारखं सेव्हमध्ये २० म्हणजे आपोआप पास, असं नाही (हा गैरसमज जुन्या खेळाडूंतही असतो). म्हणून डीसीतून सर्वात कमजोर मॉडिफायर (फाशात मिळवायची भर) वजा करा. उत्तर २० च्या वर गेलं, तर त्या खेळाडूला फासा टाकायला लावणं नुसता देखावा. करिश्मा २० चा पॅलाडिन (धर्मयोद्धा) शेजारी उभा राहिला की +५ ची भर पडते आणि १७ वर निभावतं. हे खेळाडूंना आपसूक सुचेल असं धरू नका. आगीने काळवंडलेल्या ढाली, वितळलेलं सोनं आधीच दाखवा.

विश स्पेलचा (इच्छापूर्तीच्या मंत्राचा) वापर आठव्या लेव्हलपर्यंतच्या स्पेलची नक्कल करण्यापलीकडे गेला, तर तो पुन्हा कधीच न करता येण्याची शक्यता ३३ टक्के. तो रोल टाकायचा राहून जातो. स्पेल पडल्या पडल्या, सगळ्यांसमोर टाकून घ्या.