जुन्या लष्करी जीपची चासी: आधी मापाची टेप, मग वेल्डिंग

दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी किंवा त्याच आराखड्यावर फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू समोर आली की नवशिक्याचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. तो आवरायचा. गंज डोळ्यांना दिसतो, वाक दिसत नाही. आणि वाकलेल्या चासीवर केलेलं चांगलं वेल्डिंग तो वाक पक्का करून ठेवतं.

सुरुवात चासी कोणाची आहे इथून. रेडिएटरखालचा आडवा मेंबर (चासीचा दांडा) गोल पाइपचा असेल तर एमबी, उलट्या यू आकाराचा असेल तर जीपीडब्ल्यू. फोर्डचा नंबर डाव्या लांब मेंबरच्या वरच्या अंगावर पंच केलेला असतो. विलिसचा नंबर पुढच्या बंपरमागे, डाव्या मेंबरच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर. आपल्याकडे तिसरीही शक्यता असते: महिंद्राची सीजे-3बी. तिचाही व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 80 इंच, म्हणजे 2032 मिमी, त्यामुळे बॉडी एकीची आणि चासी दुसरीची असा मामला नेहमीचा. आरसी बुकातला नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळतो का ते पैसे देण्याआधी बघा. कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या आणि फाइलला लावा. ब्लास्टिंगनंतर (हवेच्या दाबाने खडे मारून गंज काढल्यावर) पुसट झालेल्या आकड्यांबद्दल वाद झाला तर हा छाप उपयोगी पडतो. 2021 पासून 50 वर्षांवरच्या खासगी गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते (व्हीए मालिका, नव्या नोंदणीला 20,000 रुपये), पण चासीत मोठा फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या चासीवर जोडणं ही तर सरळ फौजदारी भानगड.

उघडताना एकच इशारा: गिअरबॉक्स ज्या मधल्या आडव्या मेंबरवर टेकतो तो बोल्टचा, सुटा असतो. खाली जॅक न लावता तो काढला तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लोंबकळतात आणि सगळा भार पुढच्या इंजिन माउंटिंगवर येतो. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलना, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या यू आकाराच्या कड्यांना, आटे असतात आणि त्यातले काही उलटे. खालच्या दांडीवर घडवतानाच आलेला छोटा उंचवटा दिसला की तो शॅकल उलट्या आट्याचा. हे माहीत नसलं की पाना लांब करत करत शेवटी बुश मोडतो.

आता माप. चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, घोडे पाट्यांच्या हँगरजवळ. पाण्याच्या नळीने चारही टेकू एका पातळीत आणा, पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून. पाट्यांच्या प्रत्येक पिव्हट भोकातून आणि शॅकल ब्रॅकेटमधून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. मग चासी विसरा, जमिनीवरच्या खुणांचे कर्ण मोजा. एकच मोठा चौकोन मोजून थांबू नका. पुढचा, मधला आणि मागचा असे तीन मोजा. समोरून धडक खाल्लेली चासी बहुधा पुढच्या तिसऱ्या भागातच तिरकी झालेली असते, आणि मोठ्या कर्णात तो फरक निम्मा लपतो. कर्णांत 3 मिमीपर्यंतचा फरक चालवून घ्यावा, 6 च्या वर गेला तर चासी आधी सरळ करायची. लांब मेंबर एकमेकांना समांतर असतात आणि बाहेरून बाहेर रुंदी 29¼ इंच भरते. ती किमान पाच ठिकाणी तपासा.

पीळ बघायला दोन सरळ चौकोनी पाइप घ्या, एक पुढे आणि एक मागे आडवा ठेवा आणि मागून एका डोळ्याने दोन्हींच्या कडा जुळवा. मधला झोल बघायला मेंबरच्या दोन टोकांना सारख्याच उंचीचे ठोकळे लावून त्यांवर सुतळी ताणा. ही सगळी मापं कागदावर तारखेसह लिहा, कारण वेल्डिंगच्या प्रत्येक टप्प्यानंतर तीच पुन्हा घ्यायची आहेत.

सरळ करताना साखळी आणि हायड्रॉलिक जॅक, शक्यतो थंडच. लोखंड थोडं मागे येतं, म्हणून हव्या त्या मापाच्या जरा पुढे नेऊन सोडायचं. तापवावं लागलंच तर वर पाणी मारू नका, तो भाग कडक होऊन पुढे तडकतो.

गंज कुठे शोधायचा? उजव्या मेंबरवर बॅटरीच्या ट्रेखाली, कारण तिथे वर्षानुवर्षं ॲसिड सांडलेलं असतं. पुढच्या अर्ध्यात, जिथे मेंबर दुहेरी आहे. दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, पत्रे फुगवतो आणि रिव्हेट ताणतो. बाहेरून मेंबर जाड आणि धडधाकट दिसतो, बॉलपीन हातोड्याने वाजवला की टणत्कार न येता भदभद येतं. डाव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास आणि मागच्या मेंबरवर ट्रेलरच्या हुकाभोवती चिरा हमखास. त्या रंगाखाली दिसत नाहीत. साफ लोखंडावर डाय पेनिट्रंटचे (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचे) तीन डबे वापरा: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रेघ जिथे संपते त्याच्या किंचित पुढे 3 मिमीचं भोक पाडा, मगच चीर व्ही आकारात खोदून भरा. भोक नसेल तर चीर वेल्डच्या टोकापासून पुन्हा चालू लागते.

ठिगळासाठी साधं माइल्ड स्टील, मूळ जाडीइतकंच. मूळ जाडी गंज नसलेल्या जागी व्हर्नियरने मोजा. ‘मजबूत होईल’ म्हणून जाड प्लेट लावायची सवय गॅरेजांत घट्ट बसली आहे, पण जाड-पातळाच्या सीमेवर ताण एकवटतो आणि चीर नेमकी तिथेच येते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा अजिबात नको: जस्ताचा धूर छातीत बसतो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा आणि मेंबरला काटकोनात आडवी वेल्ड टाळून जोड तिरका घ्या. मिग (तारेचं) वेल्डिंग असेल तर 0.8 मिमी तार; आर्क (रॉडचं) असेल तर 7018 नंबरची रॉड ओव्हनमध्ये वाळवून. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातली रॉड म्हणजे छिद्रांना आमंत्रण. एका वेळी 30 मिमीच्या आसपास वेल्ड, मग समोरच्या बाजूला, मग टेपने माप.

आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये नवी, स्वच्छ प्लेट मिळते. इथे ऐंशी वर्षांचं गंज खाल्लेलं लोखंड आहे. म्हणून चासीतून कापलेले तुकडे फेकू नका, करंट त्यांवर जमवा आणि मगच चासीला हात लावा.

ढिला रिव्हेट वेल्ड करून दाबायचा नसतो. डोक्यावर मधोमध पंच, ड्रिल, छिन्नीने डोकं उडवून खालून ठोकून बाहेर. नवा रिव्हेट गरमच बसवावा; थंड होताना तो आखडतो आणि पत्रे एकमेकांवर आवळतो. ते जमत नसेल तर भोक रीमर करून (नेमक्या मापाला गुळगुळीत करून) घट्ट बसणारा 8.8 ग्रेडचा बोल्ट चालतो. ढिल्या भोकातला बोल्ट कितीही आवळला तरी खडखडाट परत येतो.

ब्लास्टिंगला नदीची वाळू नको, तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. गार्नेट किंवा स्टील ग्रिट मागा. नंबरावर जाड चिकटपट्टी लावा. दुहेरी भागातला ग्रिट चासी उभी-आडवी करून, हवा मारून पूर्ण काढा. त्याच दिवशी, दमट हवेत तर दोन-तीन तासांतच, इपॉक्सी प्राइमर. पावडर कोटिंग दिसतं झकास, पण खडीने एकदा टवका उडाला की खालून गंज सरकत जातो आणि वरचं कातडं शाबूत राहतं. डांबरी अंडरकोटिंगचंही तसंच. प्राइमरवर साधा मॅट ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी हिरवा) रंग पुरे, आणि दुहेरी भागात लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण). पाणी निघायची भोकं त्या नादात बुजवू नका.

पाटे आणि ॲक्सलचं हाउसिंग चढवल्यावर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा. एका बाजूला फरक आला तर चासीवर खापर फोडण्याआधी पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात नीट बसलंय का ते बघा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा.