एका मुलासाठी तीन-चार शिक्षक: सामायिक ऑनलाइन नोंदवही कशी चालवावी

गोव्यातील मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असतात आणि त्यांतल्या कितीतरी एका किंवा दोन शिक्षकांवर चालतात. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावांत, वाचनात अडखळणाऱ्या मुलाबद्दल शेजारच्या वर्गात जाऊन सहकाऱ्याला विचारावे, तर शेजारी वर्गच नसतो. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना मदत करणारे विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस वर्गशिक्षकालाच निभावून न्यावे लागतात. ते दिवस भरून काढण्यासाठी ऑनलाइन सहकार्याचा खरा उपयोग होतो.

सुरुवात तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपने करू नये. तिथे परिपत्रके, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि रजेचे निरोप यांच्या गर्दीत मूल हरवते. त्याऐवजी एका मुलासाठी गूगल डॉकमध्ये एक नोंदवही उघडावी आणि ती वर्गशिक्षक, विशेष शिक्षक व मुख्याध्यापक एवढ्यांनाच दाखवावी. मूल वाचा-उपचारांसाठी जात असेल, तर त्या तज्ज्ञांना फक्त शेरा लिहिण्याची मुभा द्यावी. फाइल सामायिक करताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय न निवडता प्रत्येकाचा ईमेल पत्ता स्वतंत्रपणे घालावा. फाइलच्या नावात आणि मजकुरात मुलाचे नाव नको, ‘ति-3’ सारखी खूण पुरते.

त्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता, तरी आपल्या मुलाबद्दल कोण काय लिहिते हे आईवडिलांना आधी कळायलाच हवे. मी एकदा वहीच्या पानाचा फोटो घाईत भलत्याच ग्रुपवर टाकला होता. पानाच्या कोपऱ्यात मुलाचे नाव होते आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो गावात फिरून त्याच्या आईच्या मोबाइलवर पोहोचला. तेव्हापासून मी फोटो आधी कातरतो आणि मगच नोंदवहीत चिकटवतो.

नोंद कशी लिहायची, यावर सगळी भिस्त आहे. ‘लक्ष देत नाही, आळशी आहे’ या वाक्यावर दूर बसलेला सहकारी काहीही करू शकत नाही. याउलट पुढची नोंद पाहावी: ‘मंगळवार, दुसरी तासिका. फळ्यावरची पाच वाक्ये उतरवायला 22 मिनिटे लागली. ‘घर’ तीनदा ‘धर’ झाले. तीच वाक्ये मी वाचून दाखवल्यावर अर्थ बरोबर सांगितला.’ एवढ्यावरून विशेष शिक्षकांना दिसते की समजण्यात अडचण नाही, लिहून घेण्यात आहे. त्यांचा पुढचा प्रश्न साहजिकच असा येतो, की मजकूर फळ्याऐवजी बाकावरच्या कागदावर दिला, तर चुका कमी होतात का? होत असतील, तर सर्वांत आधी मुलाचे डोळे तपासून घ्यावेत.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. घरी कोकणी बोलणारे मूल मराठीत ‘घरांत’, ‘शाळेंत’ असे अनुस्वार देऊन लिहिते, किंवा ‘मी’च्या जागी ‘हांव’ लिहून जाते. ही अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात सतत येणारी अडचण, नव्हे, घरची भाषा लेखणीतून उतरते एवढेच. म्हणून नोंदीत घरची भाषा कोणती, हे पहिल्याच ओळीत लिहावे आणि अशा चुका वेगळ्या रकान्यात ठेवाव्यात. नाहीतर एखाद्याला उगाच शिक्का बसतो, किंवा ‘कोकणीमुळे होते’ म्हणत खरी अडचण वर्षभर झाकली जाते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि ती लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळेवरही आहे. मात्र निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. वर्गशिक्षकाने फक्त दिसले ते लिहावे.

उपाय एका वेळी एकच करून पाहावा आणि त्याला दोन आठवडे द्यावेत. ओळीखाली पट्टी धरणे आणि उत्तरे तोंडी घेणे हे दोन्ही एकदम सुरू केले, तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

पंधरा दिवसांतून एकदा, शाळा सुटल्यावर, अर्ध्या तासाची गूगल मीट पुरे होते. ज्याने नोंद लिहिली, त्याने सुरुवातीला ती वाचावी. पावसात वीज गेली किंवा रेंज गेली तर कॅमेरा बंद ठेवावा, तेही जमले नाही तर सरळ फोनवर तिघांनी बोलावे. डॉक मोबाइलवर ‘ऑफलाइन’ ठेवला, की नोंद लिहायला रेंज लागत नाही, नेट आल्यावर ती आपोआप चढते. व्हॉइस मेसेजमध्ये काही ठरले, तर ते त्याच दिवशी दोन ओळींत टाइप करावे. हाताने लिहिलेल्या कागदाचा नुसता फोटो दृष्टिहीन सहकाऱ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) नीट वाचू शकत नाही, हेही टाइप करण्याचे एक कारण आहे.

सर्वांत जास्त माहिती वाया जाते ती चौथीनंतर. मूल पाचवीसाठी हायस्कुलात जाते, तिथे बहुधा इंग्रजी माध्यम असते, आणि देवनागरीशी झगडणाऱ्या मुलापुढे बहुतेक विषय दुसऱ्या लिपीत येऊन उभे राहतात. वर्ष संपण्यापूर्वी नोंदवहीवरून एक पान तयार करावे: काय जमते, कशाने अडते, कोणता उपाय लागू पडला, कोणता पडला नाही. ते पालकांना वाचून दाखवून, त्यांच्या हातीच नव्या वर्गशिक्षकाकडे पाठवावे. जमल्यास जुन्या आणि नव्या शिक्षकांनी एकदा वीस मिनिटे बोलून घ्यावे. त्यानंतर जुनी फाइल उघडण्याची इतर सर्वांची मुभा काढून टाकावी.