वाडी प्रकल्प हातात घेताय? आधी मे महिन्याचं पाणी मोजा

वाडीचं काम नवीन हातात घेतलेली पोरं-पोरी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, कलमं किती येणार आणि कुठल्या नर्सरीतून येणार. मी पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर बरीच वर्षं हे काम केलंय आणि माझं सांगणं एकच, कलमांचा विषय सगळ्यात शेवटी काढा. लावलेल्या रोपाला पुढच्या एप्रिल-मे मधे पाणी कोण घालणार आणि तेव्हा ते कुटुंब गावात असणार का, हे आधी ठरवा. वाडी जगते किंवा मरते ती पहिल्या तीन उन्हाळ्यांत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका कुटुंबाच्या एक एकर वरकस (हलक्या, चढाच्या) जमिनीवर आंबा-काजू, बांधाला जळणाची-बांबूची झाडं आणि मधल्या जागेत नाचणी, वरई, उडीद, म्हणजे वाडी. बायफ या संस्थेनं १९८२ मधे गुजरातेत वांसद्याला आदिवासी कुटुंबांसोबत हे सुरू केलं, मग जव्हारकडे आलं, आणि २००३-०४ पासून नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेच्या आदिवासी विकास निधीतून बऱ्याच राज्यांत गेलं.

सुरुवात पाड्यावरून करा, ग्रामपंचायतीच्या ऑफिसातून नाही. तिथल्या मीटिंगला जे येतात ते रस्त्याच्या कडेचे, ज्यांना आधीच चार योजना मिळाल्यात असे. तुम्ही संध्याकाळी पाड्यावर जाऊन बसा, दोनदा, तीनदा, आणि मग त्यांच्यासोबत माळ चालून बघा कोणाची जमीन कुठे आहे. शक्यतो लागून लागून असलेल्या जमिनी निवडा, याचं कारण कुंपण. एका सुट्या एकराला साधारण अडीचशे मीटर कुंपण लागतं, तेच दहा एकर एकत्र असले तर आठशे मीटर, म्हणजे माणशी ऐंशीच मीटर झालं. आणि भात कापणी झाली की गुरं मोकाट सुटतात ही तिथली जुनी रीत आहे, ती तुमच्या बोर्डानं बदलणार नाही, म्हणून लावणीच्या आधीच अख्ख्या पाड्याला बसवा, ज्यांच्या वाड्या नाहीत त्यांना आणि गुरं राखणाऱ्या पोरांनासुद्धा, आणि गुरं कुठल्या बाजूनं न्यायची ते त्यांच्याच तोंडून ठरू द्या.

सातबारा बघाच. बरेचदा नाव वारलेल्या आजोबांचं असतं आणि कसणारे भाऊ चार. आज माळ पडीक आहे तोवर कोणी काही बोलत नाही, झाडाला फळ लागलं की बोलतात. भावांची लेखी संमती आधीच घ्या, सगळ्यांसमोर. वनपट्टा असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, मग प्रकल्पाचा करार आणि बँक खातंही दोघांच्या नावानंच करा. हा नुसता कागदाचा मुद्दा नाहीये, का ते पाण्याचा हिशोब केला की कळतं.

तर हिशोब करू. एकरात वीस आंबे दहा बाय दहा मीटरवर आणि तीस काजू आठ बाय आठवर, एकूण पन्नास झाडं. लहान रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला पंधरा लिटर धरा, झाले साडेसातशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे पन्नास हंडे. एका वेळी दोन हंडे आणले तरी पंचवीस खेपा, आणि विहीर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठवड्याला पंचवीस किलोमीटर चाल, चढावर, अर्धी चाल डोक्यावर ओझं घेऊन. हे कोण करतं? घरातली बाई, प्यायचं पाणी भरून झाल्यावर. तिला न विचारता नवऱ्याच्या सहीवर पन्नास झाडं लावायची हे मला कधीच पटलेलं नाही. तिला विचारा, ती बरोबर सांगते, ताई पंचवीस जगवीन, पन्नास नाही होणार. मग पंचवीसच लावा आणि बाकीची पुढच्या पावसाळ्यात, तोवर चार-पाच वाड्यांत मिळून एक टाकी आणि ओढ्यावरून पाइप होतो का बघा. रोपाशेजारी पाणी झिरपायला मटका पुरणं आणि आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन हे दोन्ही पहिल्याच वर्षी करा, पाणी बरंच वाचतं, फक्त पाला खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

दुसरा हिशोब स्थलांतराचा. दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो, कारण भट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. आम्ही एका पाड्यावर सुरुवातीला हे नीट धरलं नव्हतं, पावसात रोपं काय सुंदर फुटली होती, आणि मार्चमधे गेलो तर घरांना कुलपं आणि आळी कोरडी ठाक, अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून खड्डे, चर, कुंपण, टाकी ही मजुरीची कामं नोव्हेंबर ते मे मधे पसरवायची आणि मजुरी त्याच आठवड्यात हातात द्यायची हा नियम केला. मजुरी महिनाभर लटकली तर माणूस भट्टीवर जाणारच, त्याला दोष देऊ नका. ज्यांना जायलाच लागतं त्यांच्या वाडीचं पाणी शेजारच्या घराला ठरवून द्या, त्याचेही पैसे धरा.

लागवडीचं तंत्र बहुतेकांना माहीत असतं. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, काठी घालून स्वतः मोजा, मुरमात दोन फुटांवर थांबायचा मोह होतो. उन्हात तापू द्या, पावसाआधी शेणखत आणि वरच्या मातीनं भरा, पाऊस स्थिर झाल्यावर लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून खुंटाचे फुटवे आले की लगेच काढायचे, नाहीतर केसर लावला म्हणता म्हणता रायवळ वाढतो. केसर यासाठी की हापूसइतका एक वर्षाआड रुसत नाही, आणि साका, म्हणजे आतून गर खराब होणं, हापूससारखा होत नाही. काजूत वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती. मेलेल्या रोपांच्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पुढच्या जुलैत भरा, आणि पहिली तीन वर्षं आंब्याचा मोहोर खुडून टाका, घरच्यांचा जीव तुटतो तेव्हा, पण झाडाचा जोर वाढीत जाऊ दे.

वणव्याचं विसरू नका. गवत वाळायला लागलं की वाडीभोवती दहा फुटांची जाळरेषा काढायची, एका दुपारी तीन वर्षांचं काम जळून जातं.

आंबा हातात यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर घर कशावर चालणार हे तुम्हीच बघायचंय. थोडं पाणी असेल तर मोगरा लावा, जव्हार-विक्रमगडकडे बऱ्याच घरांनी लावलाय, पहाटे खुडून कळ्या दादरच्या मार्केटला जातात आणि पैसा रोजचा असतो. पाणी कमी असेल तर पावसाळी भाजी मांडवावर, कारली-दोडकी. ज्यांना जमीनच नाही त्यांना रोपवाटिका द्या, प्रकल्पाला रोपं लागतातच, बाहेरून का आणायची.

रजिस्टरमधे किती लावली हा आकडा लिहून खूश होऊ नका, दर जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाडीत जाऊन किती जगली ते घरच्यांसोबत मोजा आणि पाड्याच्या भिंतीवर लिहा. आणि चौथ्या वर्षापासूनच विक्रीचं बोलायला लागा, कारण पहिली दोन-दोन क्रेट फळं प्रत्येकानं वेगवेगळी नेली तर नाक्यावरचा व्यापारी म्हणेल तो भाव. दहा घरांचा माल एका टेम्पोत भरायची सवय त्या पहिल्या दोन क्रेटपासूनच लागायला हवी, टेम्पोचं भाडं आणि वजनाचा काटा त्या घरांच्या गटाच्या पैशातून, आणि हिशोबाची वही पाड्यावरच्याच शिकलेल्या मुलीकडे, तुमच्या ऑफिसात नाही.