पाऊस नाही, पण दव आहे: ढगाळ थंडीत द्राक्षबाग कशी सांभाळाल

डिसेंबर-जानेवारीत हवामान विभागाच्या अंदाजात हटकून येतं की मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलका पाऊस, मग किमान तापमानात घट. एवढं वाचलं की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूसकडं द्राक्षवाल्यांचे फोन खणखणतात आणि औषध फवारायचे ब्लोअर ट्रॅक्टरला जोडले जातात. जरा थांबा. ‘मध्य महाराष्ट्र’ म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचा पट्टा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्यातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. आपल्या जिल्ह्याचा अंदाज मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत किंवा शेतकऱ्यांसाठीच्या मेघदूत या हवामान ॲपवर बघा, मगच फवारणी ठरवा.

पण पाऊस नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. आमची बाग फुलोऱ्यात असताना एका वर्षी असंच झालं. अंदाजात पाऊस नव्हता, म्हणून मी दोन दिवस फवारणी टाळली. दोन्ही पहाटे दव इतकं पडलं, की पानांच्या टोकांवरून थेंब गळत होते. आठवड्याभरात डाउनी (केवडा हा बुरशीजन्य रोग) घडात शिरला आणि कित्येक घड काढून टाकावे लागले. डाउनीला पाऊसच लागतो असं नाही, पान काही तास ओलं राहिलं तरी पुरतं.

म्हणून पहाटे बॅटरी घेऊन बागेत जा. पान किती वाजता सुकतं ते बघा. वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसला, तर पान उलटं करा. खाली पांढरी बुरशी असेल तर रोग जिवंत आहे. फुलोऱ्यातल्या आणि कोवळ्या घडांच्या बागेत हे रोज करा. दाट कॅनॉपीत, म्हणजे पानांच्या गर्दीत, दव उशिरा सुकतं, तेव्हा घडाजवळची जादा पानं, बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) आधीच काढा. पाऊस झालाच, तर तारा हलवून किंवा नुसता ब्लोअर फिरवून घडातलं पाणी झाडून घ्या. दव नसेल पण आभाळ दाटलेलं असेल, तर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखा दिसणारा बुरशीचा रोग) शोधा. तिला ओलं पान लागत नाही.

ढग हटले की थंडी वाढते. पारा १० अंशांच्या खाली गेला, की मण्यांची फुगवण मंदावते. ठिबकनं पहाटे थोडं थोडं पाणी द्या, मुळं चालू राहतात. बाग ताणावर ठेवून एकदम पाणी देऊ नका; पाणी उतरलेले, म्हणजे मऊ पडून गोडी धरू लागलेले मणी त्यानं तडकतात. पिंक बेरी (हिरवे मणी गुलाबी पडणं) टाळण्यासाठी घडांना पेपर लावायचा, तो मण्यात पाणी उतरण्याआधीच. काढणी जवळ असेल, तर औषधाच्या लेबलावरचे प्रतीक्षेचे दिवस (फवारणी आणि काढणीत सोडायचं अंतर) मोजल्याशिवाय काहीही मारू नका.

जत-आटपाडीकडं हरभऱ्याला आणि गव्हाला ही थंडी मानवते. फक्त ढगाळ दिवसांत हरभऱ्यावर घाटे अळी आणि शाळूवर (रब्बी ज्वारीवर) मावा आहे का, ते दोन-चार ठिकाणी रोपं हातात धरून बघा.